हॉटेलच्या नावाने पाहुण्यांना खोटे मेसेज गेले, दोघांचे पैसे गेले. पासवर्ड बदलूनही थांबत नाही. काय करू?

खाडीकाठ_देवबाग

नमस्कार मंडळी. मालवणजवळ देवबागला आमचं बारा खोल्यांचं छोटं हॉटेल आहे. वडिलांनी चार खोल्यांवर सुरू केलं होतं, आता मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. निम्म्याहून जास्त बुकिंग एका मोठ्या बुकिंग साइटवरून येतं, बाकी फोनवर आणि जुने पाहुणे.

परवा रात्री साडेदहाला पुण्याहून एका पाहुण्यांचा फोन आला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते कुटुंबासह येणार आहेत. म्हणाले, "ताई, तुमच्या मेसेजप्रमाणे कार्ड व्हेरिफाय केलं, तर खात्यातून अठरा हजार कापले गेले. परत कधी येणार?" मला काही कळेचना. आम्ही कुणाला मेसेज केलाच नव्हता. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. मेसेज त्या साइटच्या चॅटमध्येच आलेला, आमच्या हॉटेलच्या नावाने. त्यांचं नाव, तारखा, दोन खोल्या, रक्कम, सगळं बरोबर. खाली लिहिलं होतं की कार्डाची पडताळणी अपुरी आहे, बारा तासांत पूर्ण केली नाही तर बुकिंग रद्द होईल. आणि एक लिंक.

कालच्या दिवसात असे आणखी बरेच फोन आले. नाशिकच्या एका बाईंचेही पैसे गेले. बाकीच्यांनी आधी आम्हाला विचारलं म्हणून वाचले. भावाने काल संध्याकाळीच साइटचा पासवर्ड बदलला. तरी आज सकाळी आणखी एका पाहुण्याला तोच मेसेज गेला. पासवर्ड बदलल्यावर माणूस आत राहतोच कसा?

रिसेप्शनला आमच्याकडे वेंगुर्ल्याचा एक मुलगा आहे, अगदी सरळ. तो सांगतो की मागच्या आठवड्यात एका पाहुण्याची मेल आली होती. खोलीत ढेकूण निघाले, फोटो जोडले आहेत, उत्तर दिलं नाहीत तर रिव्ह्यूमध्ये टाकेन, अशी. त्याने लिंक उघडली. फोटो दिसले नाहीत, 'मी रोबो नाही' असं काहीतरी आलं. पुढचं त्याला नीट आठवत नाही. भाऊ त्याच्यावर भडकलाय आणि तो पोरगा धड जेवत नाही.

मे महिन्याचं सगळं बुकिंग डोळ्यांपुढे आहे. सगळ्या पाहुण्यांना कळवलं तर लोक बुकिंग रद्द करतील अशी भाऊला भीती. आणि माझ्या डोक्यात वेगळीच धास्ती. त्याच कॉम्प्युटरवर पाहुण्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन आहेत, काही परदेशी पाहुण्यांचे पासपोर्टही. तेही गेले असतील का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

करवीर_टूर्स

ताई, मी कोल्हापुरात ट्रॅव्हलचं काम करतो. गेल्या दिवाळीत आमच्या एका ग्राहकाला गोव्याच्या हॉटेलच्या नावाने अगदी असाच मेसेज आला होता. पाहुण्याच्या बाजूने एवढंच सांगतो की नाव, तारीख आणि रक्कम जुळली की माणूस शंका घेत नाही. तुमचे पाहुणे भोळे होते असं समजू नका.

कळवायचं की नाही हा प्रश्नच नको. आजच कळवा, आणि मेसेज न करता फोन करा. साइटच्या चॅटमध्ये तुम्ही खरा इशारा टाकलात तरी त्याखाली तो चोर पुन्हा स्वतःचं काही लिहील. आमच्या त्या ग्राहकाला हॉटेलच्या मालकांनी स्वतः फोन केला होता. त्याने बुकिंग रद्द केलं नाही. राग आला तो हॉटेलने आठवडाभर फोनच उचलला नाही अशा दुसऱ्या एकाला.

नाइट_ऑडिट

ताई, आधी त्या मुलाला जेवायला बसवा. ही फसवणूक हॉटेलच्या डेस्कसाठीच रचलेली आहे आणि मोठ्या हॉटेलांतली मुरलेली माणसंही तिच्यात अडकली आहेत.

मी आधी मुंबईत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात नाइट ऑडिटला, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशेब जुळवायच्या कामाला होते. आता कुडाळला राहून सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्यातल्या लहान हॉटेलांच्या सिस्टिम बघते. तुमच्याकडे काय झालं असावं ते बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकते.

त्या मुलाला जे आठवत नाही ते असं. 'मी रोबो नाही'वर टिचकी मारली की पडद्यावर तीन सूचना येतात. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. माणसाला वाटतं पडताळणीची नवी पद्धत असेल. त्या पानाने तोवर एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते, आणि या तीन पायऱ्यांत आपणच ती आपल्या हाताने आपल्या कॉम्प्युटरवर चालवतो. अँटिव्हायरस पुष्कळदा गप्प राहतो, कारण आज्ञा देणारा माणूस कीबोर्डवर बसलेला असतो. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये याबद्दल उघड इशारा दिला होता. डिसेंबर २०२४ पासून एका जागतिक बुकिंग कंपनीच्या नावाने हॉटेलांना अशा मेल जात होत्या, युरोप-अमेरिकेपासून दक्षिण आशियापर्यंत. विषय मुद्दाम निवडलेले. वाईट रिव्ह्यू, पाहुण्याची तक्रार, खोलीत राहिलेली वस्तू. डेस्कवरचा चांगला माणूस ज्यासाठी हातातलं काम टाकून धावेल असेच.

खात्री करायची असेल तर अशी करा. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. मग विंडोज आणि आर दाबा. खाली डाव्या कोपऱ्यात छोटी खिडकी उघडेल. तिच्यातल्या चौकटीच्या उजव्या टोकाला बाण असतो, तो दाबला की तिथून आधी काय काय चालवलं त्याची यादी दिसते. तिथे पॉवरशेल (powershell) किंवा एमएसएचटीए (mshta) असं काही असलेली लांबलचक ओळ दिसली तर तेच. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पोलिसांना लागेल. खिडकी एस्केप दाबून बंद करा. एंटर चुकूनही नको.

आता पासवर्डचं. त्या आज्ञेने जो प्रोग्रॅम उतरतो तो ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड नेतो आणि त्यांच्याबरोबर लॉगिनच्या कुकीही नेतो. जत्रेत एकदा तिकीट काढून हातावर शिक्का मारला की पुन्हा आत जाताना तिकीट कुणी विचारत नाही, तसं या कुकीचं असतं. त्याच्याकडे तुमचा शिक्का आहे, म्हणून त्याला पासवर्ड आणि ओटीपी लागतच नाही. शिवाय तुमच्या भावाने नवा पासवर्ड कुठल्या कॉम्प्युटरवरून टाकला? त्याच रिसेप्शनच्या असेल तर तो नवा पासवर्डही त्याच वेळी तिकडे पोचला असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून आज रात्रीचं काम स्वतःच्या मोबाइलवरून करा, हॉटेलचं वायफाय काढून, मोबाइल डेटावर. पहिल्यांदा हॉटेलची मेल. बुकिंग साइट आधी हाती घेऊ नका, कारण तिचा पासवर्ड 'विसरलो' म्हटलं की नवा येतो तो मेलवरच. मेलचा पासवर्ड बदला, 'सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर पडा' हे करा, आणि सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. हे लोक तिथे एक नियम टाकून ठेवतात, म्हणजे बुकिंग साइटच्या इशाऱ्याच्या मेल तुम्हाला न दिसता परस्पर कचऱ्यात जातात. मी हे डोळ्यांनी बघितलंय. फिल्टरच्या यादीत एकच ओळ होती आणि मालकांना ती कुणी टाकली ते माहीत नव्हतं.

मेल ताब्यात आली की बुकिंग साइटचं एक्स्ट्रानेट, म्हणजे हॉटेलवाल्यांचं लॉगिन. पासवर्ड बदला, सगळी सेशन (चालू असलेली लॉगिन) बंद करा. यूजरच्या यादीत अनोळखी नाव असेल तर काढा. पैसे जमा होण्याचं बँक खातं आणि ओटीपीचा मोबाइल नंबर तुमचाच आहे ना ते अक्षरन् अक्षर तपासा, मे महिन्याचा सगळा पैसा तिथून यायचा आहे. साइटच्या भागीदार मदतक्रमांकाला फोन लावून खातं हॅक झाल्याचं सांगा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. मग चॅनल मॅनेजर (सगळ्या साइटवरच्या खोल्या एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), पीएमएस (हॉटेलच्या नोंदींचं सॉफ्टवेअर), बँक, व्हॉट्सॲपची जोडलेली डिव्हाइस. रिसेप्शनचा कॉम्प्युटर पुसून नव्याने विंडोज टाकल्याशिवाय पुन्हा नेटला लावू नका. गावातला कॉम्प्युटरवाला "स्कॅन मारला, एक व्हायरस निघाला, आता क्लीन आहे" म्हणेल. ऐकू नका.

पाहुण्यांना फोन करा हे करवीर टूर्सवाल्या दादांनी सांगितलंच आहे. फोन न लागणाऱ्यांना साधा एसएमएस पाठवा, लिंक न घालता. मी असा मजकूर देते:

"आमच्या ऑनलाइन बुकिंग खात्यात परक्या माणसाने प्रवेश केला आहे. कार्ड पडताळणीचा मेसेज आमचा नाही, त्यातली लिंक उघडू नका. पैसे भरले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आपलं बुकिंग कायम आहे. शंका असल्यास आमच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा."

'आपलं बुकिंग कायम आहे' हे वाक्य गाळू नका. लोकांना सगळ्यात आधी तेच हवं असतं.

सरकारकडे कळवायचं ते वेगळं. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावं लागतं. तुमचे सहा तास गेले, तरी उद्या सकाळी मेल करा. पैशांची तक्रार ज्यांचे गेले त्यांनी १९३० वर, आणि हॉटेल म्हणून तुम्ही जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात.

हरिहरेश्वर_होमस्टे

वाचून घाबरायला झालं. पण आधारचे स्कॅन ठेवण्यात धोका आहे हे मला पटत नाही. आमच्याकडे पोलीस येतात तेव्हा रजिस्टर आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्सची फाइल मागतात. फाइल नसेल तर ऐकून घ्यावं लागतं. हल्ली आम्ही बुकिंग झालं की व्हॉट्सॲपवरच आधारचा फोटो मागवतो, म्हणजे चेक-इनला खोळंबा होत नाही. तो फोटो आम्ही कुठे ऑनलाइन टाकत नाही. मग त्यात धोका कसला?

नाइट_ऑडिट

दादा, पोलिसांना नोंद दाखवावीच लागते, त्यात दुमत नाही. माझं म्हणणं त्या नोंदीसाठी आपण काय काय गोळा करतो आणि नंतर ते कुठे कुठे पडून राहतं, याबद्दल आहे.

किनाऱ्यावरच्या एका होमस्टेचं सांगते. तिथला रिसेप्शनचा मुलगा नोकरी सोडून गेला आणि त्याचा नंबर कामाच्या व्हॉट्सॲपसाठी वापरलेला होता. मालकांनी त्याला बोलावून घेतलं, मी फोन बघितला. गॅलरीत त्याच्या बहिणीच्या हळदीचे फोटो, मग एक आधार कार्ड पुढून, एक मागून, मग क्रिकेटचा कप, मग चार पासपोर्ट. त्याने काहीही वाईट केलेलं नव्हतं. व्हॉट्सॲप आलेला फोटो आपोआप गॅलरीत टाकतं, आणि त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर ते गूगल फोटोजवरही चढतं. ज्या पाहुण्यांनी विश्वासाने कार्ड पाठवलं त्यांची कार्डं एका पोराच्या खासगी खात्यात वर्षानुवर्षं पडून. खात्याचा पासवर्ड काय, तर त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर. तुम्ही म्हणता ऑनलाइन टाकत नाही. दादा, ते आपल्या नकळत गेलेलं असू शकतं.

आणि अशा कागदांना बाजार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये इटलीच्या सरकारी सायबर यंत्रणेने जाहीर केलं की तिथल्या हॉटेलांमधून चोरलेले पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे हजारो स्कॅन विकायला ठेवले गेलेत. चेक-इनला काउंटरवर काढतो तेच स्कॅन. मॅरियट या हॉटेल कंपनीचं तर माहीतच असेल. त्यांनी २०१६ मध्ये स्टारवुड ही हॉटेलसाखळी विकत घेतली. स्टारवुडच्या बुकिंगच्या डेटाबेसमध्ये २०१४ पासून कुणीतरी शिरलेलं होतं, ते लक्षात आलं सप्टेंबर २०१८ मध्ये. मोजदाद झाली तेव्हा साडेबावन्न लाख पासपोर्ट नंबर नुसते, कुलूप न लावता ठेवलेले निघाले. ब्रिटनने ऑक्टोबर २०२० मध्ये १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला. मला त्यातलं सगळ्यात लागतं ते हे की पाहुणा केव्हाच खोली सोडून गेलेला असतो आणि त्याचा पासपोर्ट नंबर मात्र तिथे मुक्कामालाच राहतो, कुणाला तो लागत नसताना.

आधारबद्दल. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की परवाना नसलेल्या खासगी संस्थांनी, त्यात हॉटेलं नाव घेऊन होती, आधारच्या प्रती घेऊ किंवा ठेवू नयेत. गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. पण त्यात सुचवलेला मास्क्ड आधार आजही चालतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. यूआयडीएआयच्या साइटवरून पाहुणा दोन मिनिटांत काढू शकतो. बुकिंगच्या उत्तरातच एक ओळ घाला: "येताना मास्क्ड आधार, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स आणा. ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका." कार्ड खरं की खोटं बघायचं असेल तर त्यावरचा क्यूआर यूआयडीएआयच्याच स्कॅनरने वाचा. त्यावर सरकारची डिजिटल सही असते, खाडाखोड केलेलं कार्ड तिथे उघडं पडतं. झेरॉक्सवरून हे कधीच कळत नाही.

तुमच्या ठाण्याला झेरॉक्स हवीच असेल तर मास्क्ड आधार चालेल का ते साहेबांना जाऊन विचारा, शक्य तर लेखी अर्ज देऊन. मी ज्यांच्यासाठी विचारलं तिथे नकार आला नाही. झेरॉक्स कागदावर घ्या, जीआरसीला (पाहुण्याच्या नोंदणीच्या कार्डाला) टाचा, कपाटाला कुलूप. कपाटातली फाइल मॉस्कोतून कुणी चोरत नाही. आणि झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहा, कोणत्या हॉटेलसाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते. परदेशी पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते, त्याला इलाज नाही. पण ती भरून झाली, तिची प्रत फाइलला लागली, की फोनवरचे आणि डेस्कटॉपवरचे पासपोर्टचे फोटो त्याच दिवशी काढा. रिसायकल बिनमधूनही.

कार्डाच्या बाबतीत तर सूट नाहीच. मी नाइट ऑडिटला होते तेव्हा नो-शोच्या, म्हणजे बुकिंग करून पाहुणा न येण्याच्या भीतीने क्रेडिट कार्डाची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स घ्यायची पद्धत सर्रास होती, मागच्या तीन आकड्यांसकट. ते तीन आकडे व्यवहार झाल्यावर कोणत्याही रूपात ठेवता येत नाहीत, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापाऱ्यांना कार्डाचा नंबर साठवायलाही मनाई केली आहे. अजूनही काही ठिकाणी पिवळ्या पडलेल्या फायली निघतात. जाळून टाका.

खाडीकाठच्या ताई, तुमच्या कॉम्प्युटरवरचे स्कॅन गेले असं धरूनच चला. तो प्रोग्रॅम मुख्यतः पासवर्डांवर टपलेला असतो, पण फायली नेल्या नाहीत असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ज्यांचे पासपोर्ट होते त्यांना मेल करून कळवा. नवा डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतील. तेव्हा डेटा गेला तर प्रत्येक माणसाला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवणं सक्तीचं असेल, आणि सुरक्षेत हयगय केल्याचा दंड २५० कोटींपर्यंत आहे. पण कायदा येईपर्यंत थांबू नका. त्या माणसाला आज कळलं तर तो आज सावध होईल.

कळंगुट_फ्रंटडेस्क

मी डेस्कवर उभा राहणारा आहे, म्हणून लिहितो. वेंगुर्ल्याच्या त्या भावाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

सीझनला एका बाजूला चेक-आउटची रांग, दुसऱ्या बाजूला टॅक्सीवाला, फोन वाजतोय. त्यात कोणी म्हणतं, "हेड ऑफिसमधून बोलतोय, सर्व्हर डाउन होतोय, एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप) टाक आणि नंबर सांग." कोणी म्हणतं, "आर्मीतून मेजर बोलतोय, वीस खोल्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन कर." पैसे यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, हे आम्हाला माहीत असतं. पण समोरचा जोरात बोलायला लागला की हात थरथरतो, कारण आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही.

आमच्या मॅनेजर मॅडमनी एक गोष्ट केली. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पैसे, पासवर्ड किंवा ॲप यांतलं काहीही फोनवर कुणी मागितलं तर ठेवून द्यायचा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. खरा पाहुणा रागावला तर त्याची माफी त्या मागतील. तसं एकदा झालं, आणि त्यांनी खरंच मागितली. तेव्हापासून डेस्कवर कुणी घाबरत नाही.

खाडीकाठ_देवबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरे करो.

नाइट ऑडिट ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. त्या छोट्या खिडकीत तशी ओळ निघाली, पॉवरशेलवाली, पडद्याबाहेर जाईल एवढी लांब. मेलच्या फिल्टरमध्येही एक नियम होता. रात्री दीडपर्यंत सगळे पासवर्ड बदलून झाले, साइटवाल्यांनी जुनी सेशन तोडली, आज दिवसभरात कुणाला खोटा मेसेज गेलेला नाही. बँक खातं आमचंच आहे, सुटलो. यादीतल्या सगळ्या पाहुण्यांना मी आणि भावाने आळीपाळीने फोन केले. एकच बुकिंग रद्द झालं. बऱ्याच जणांनी उलट आभार मानले.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कॉम्प्युटर नव्याने भरताना काय काळजी घ्यायची? त्यावर विंडोज १० होतं. पाहुण्यांचं वायफाय, सीसीटीव्ही आणि रिसेप्शन एकाच राउटरवर आहे. आणि पुण्याच्या आणि नाशिकच्या पाहुण्यांचे पैसे मिळण्यासाठी आमच्याकडून काय करता येईल?

नाइट_ऑडिट

ताई, एका रात्रीत एवढं करणारी माणसं मी फार थोडी बघितली आहेत. भावालाही सांगा.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. मशीन ११ ला चालत असेल तर तेच टाका, नसेल तर रिसेप्शनसाठी साधा नवा कॉम्प्युटर घ्या. जुना टीव्हीला गाणी लावायला ठेवा, त्यावर मेल उघडायची नाही. डेस्कच्या लॉगिनला ॲडमिनचे हक्क देऊ नका, ते तुमच्याकडे वेगळ्या पासवर्डने. कॉम्प्युटरवाल्याला सांगून 'रन'ची ती छोटी खिडकीच बंद करून घ्या. डेस्कवर तिचं काही काम नसतं, आणि ती बंद असली तर विंडोज-आरची युक्ती तिथेच अडते. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवणं बंद. एक्स्ट्रानेटवर त्या मुलाचं स्वतःचं वेगळं यूजरनेम काढा, त्याला बुकिंग बघता येतील, बँक खातं बदलता येणार नाही. हे हक्क वेगळे करायची सोय तिथे असते, आपण वापरत नाही. सगळे एकाच 'ॲडमिन'ने आत जातात आणि मग कुणी काय केलं ते कळत नाही.

वायफायचं सोपं आहे. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, ते चालू करून पाहुण्यांना तेच द्या. रिसेप्शनसाठी वेगळं नेटवर्क, शक्यतो वायरने. सीसीटीव्हीचा डबाही पाहुण्यांच्या नेटवर्कवर नको, आणि त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला. राउटरच्या मागे स्टिकरवर असतो तोसुद्धा. राउटर काउंटरवर पाहुण्यांच्या हाताशी असेल तर उचलून आत ठेवा.

कळंगुटच्या दादांनी लिहिलेलं भावाला मोठ्याने वाचून दाखवा. सप्टेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम या हॉटेल-कॅसिनो कंपनीत चोर शिरले ते मदत कक्षाला फोन करून, आपणच कर्मचारी आहोत असं भासवून. खोल्यांची कार्डं चालेनात, चेक-इनला रांगा लागल्या, कंपनीने स्वतः नुकसान सुमारे दहा कोटी डॉलर सांगितलं. त्यांच्याकडे पैसा आणि तज्ज्ञ यांची कमी नव्हती. फोनवरच्या माणसाला मदत करायची सवय तिथेही होती. तुमच्या मुलाला सगळ्यांसमोर सांगा की शंका आली तर त्याने थांबायचं, लिंक उघडायची नाही, तुम्हाला रात्री दोनला उठवलं तरी चालेल. आणि त्याला कामावरून काढू नका. पुढची अशी मेल तोच सगळ्यात आधी ओळखेल.

पैशांचं. दोन्ही पाहुण्यांनी १९३० वर फोन केला का ते आधी विचारा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येतात, म्हणून नसेल केला तर आत्ता करायला सांगा. बँकेला लेखी कळवणं वेगळं आणि तेही हवंच. ओटीपी स्वतः टाकला असेल तर कळवण्याआधीच्या नुकसानीसाठी बँक हात वर करते, पण कळवल्यानंतर आणखी पैसे गेले तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेचे. म्हणून कार्ड ब्लॉक केलं का तेही विचारा. क्रेडिट कार्ड असेल तर डिस्प्यूट (व्यवहारावर हरकत) टाकायला सांगा.

तुमच्याकडून लेटरहेडवर एक पत्र द्या, सही-शिक्क्याचं. बुकिंग नंबर, मुक्कामाच्या तारखा, खोटा मेसेज कधी गेला, खातं हॅक झाल्याची तक्रार साइटकडे आणि पोलिसांकडे कोणत्या नंबरने नोंदवली, आणि ती रक्कम हॉटेलला मिळालेली नाही. बँक हे मागतेच आणि पाहुण्याला हॉटेलकडून ते मिळवताना नाकीनऊ येतात. पॉवरशेलच्या ओळीचा फोटो पत्राला जोडू नका, तो फक्त पोलिसांना. सायबर ठाण्यात जाताना मेलची मूळ प्रत, फिल्टरचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही पाहुण्यांचे व्यवहार क्रमांक न्या. पत्राचा मसुदा मी उद्या दुपारी इथेच टाकते, तोवर तक्रारींचे नंबर गोळा करून ठेवा.